माळावरचं थ्रीडी

माण तालुक्यात पोरं विहिरीला पाणी येईल त्या वर्षी पोहायला शिकतात आणि पुढचं पाणी येईपर्यंत विसरून जातात. अशा तालुक्यात, दहिवडीच्या पुढे असलेल्या आमच्या वडिलोपार्जित खडकावर, माझ्या भाच्याने एक स्विमिंग पूल काढला. कागदावरच, पण काढला. पूल निळाशार होता. इतकं निळं आमच्याकडे फक्त पाण्याचं प्लॅस्टिकचं पिंप असतं, पाणी कधी नसतं. काठावर एक गोरी बाई पाय सोडून बसली होती, मागे नारळाची झाडं झुलत होती आणि दारात एक लाल मोटार उभी होती, जिचं टप कुणीतरी काढून नेलं होतं.

याला थ्रीडी म्हणतात. पूर्वी घर बांधायचं म्हणजे गवंड्याला बोलवायचं, तो काठीने जमिनीवर रेघा ओढायचा आणि त्या रेघांत उभं राहून घरातली बाई म्हणायची, "इथं चूल." आता आधी थ्रीडी येतं. ते सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर जातं. मग "भारी", "लय भारी" आणि जोडलेले हात येतात. घर तिथंच बांधून होतं. उरतं ते फक्त पैसे देणं.

माझा चुलतभाऊ शेजारच्या जुन्या माळवदाच्या घरात राहतो. सगळा गाव त्याला तात्या म्हणतो. त्याने मोबाइल हातभर लांब धरून थ्रीडी निरखलं.

"ही बाई कोण?"

"कोणी नाही. कॉम्प्युटरमधली आहे."

"ऱ्हायला येणार का?"

"नाही."

"मग आत्तापासनं कशाला बसवली?"

हाच प्रश्न आमच्या घरातूनही आला होता, पण त्यात कुतूहल कमी होतं.

मी एस.टी.च्या नोकरीत साताऱ्यात आयुष्य काढलं. कंट्रोलरच्या खिडकीत बसून रोज शेकडो माणसांना त्यांच्या त्यांच्या गावाला लावून दिलं. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता आपणही एकदा आपल्या गावाला लागावं. अडचण एवढीच, की बायको जावळीतली, मेढ्याकडची. लग्न जमलं तेव्हा आमच्या वडिलांनी "मुलगी जिल्ह्यातलीच आहे ना?" एवढीच चौकशी केली होती. आता सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर आहे, जिथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि दुसऱ्या टोकाला माण आहे, जिथं पाचशे झाला तर लोक एकमेकांचं अभिनंदन करतात. दोन्हींचा कलेक्टर एकच. ढग सह्याद्रीवर सगळं ओझं उतरवतात आणि आमच्या डोक्यावरून रिकाम्या हातांनी पंढरपूरच्या दिशेने निघून जातात. वारीला चालले असतील म्हणून कुणी अडवत नाही.

तिच्या लहानपणी जूनमध्ये धुतलेला कपडा गणपतीपर्यंत वाळायचा नाही. माझ्या लहानपणी तो पिळता पिळता वाळायचा. त्यामुळे घर म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर उतरतं कौलारू छप्पर, पुढे-मागे पडवी, ओल चढू नये म्हणून उंच जोतं. माझ्या डोळ्यांसमोर फक्त सावली येते. कुणाचीही. टपरीची चालेल.

आणि भाच्याच्या डोळ्यांसमोर अमेरिका होती.

भाचा पुण्यात आर्किटेक्ट झालाय. पोरगं गुणी आहे, मोठ्यांच्या पाया पडतं, पण पाया पडून झाल्यावर इंग्रजीत बोलतं. माळावर येऊन त्याने चहूकडे पाहिलं. दगड, तरवड, चार बोरी, एक वेडी बाभूळ आणि लांबवर शंभूमहादेवाचे बोडके डोंगर. त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं धुरळा गेला.

"मामा, तुमच्याकडे डेझर्ट लँडस्केप आहे!"

"आमच्याकडे माळ आहे."

"तेच. लोक असल्या साइटसाठी जीव टाकतात."

"आमच्याकडेही टाकतात. चैत्र-वैशाखात."

मग त्याने लॅपटॉप उघडून मला कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जचं एक घर दाखवलं. रिचर्ड न्यूट्रा नावाच्या वास्तुकाराने 1946 साली वाळवंटात बांधलेलं, कॉफमन नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्यासाठी. सपाट छप्पर, सरकत्या काचांच्या भिंती, मागे उघडा डोंगर आणि पुढे पूल. ज्युलियस शुलमन या छायाचित्रकाराने 1947 मध्ये तिन्हीसांजेला काढलेला त्याचा एक फोटो जगभर गाजला. त्या फोटोत पुलाच्या काठाला खुद्द कॉफमनबाई आडव्या झालेल्या आहेत. आमच्या थ्रीडीतली बाई कुठून आली याचा उलगडा झाला. बायकोच्या चेहऱ्यावरचा ताण तेवढ्यापुरता उतरला.

भाच्याने आणखी सांगितलं की, याच कॉफमनने त्याआधी पेनसिल्व्हेनियातल्या जंगलात, थेट धबधब्यावर, फ्रँक लॉइड राइटकडून दुसरं घर बांधून घेतलं होतं. तेही जगप्रसिद्ध. म्हणजे गृहस्थाचं एक घर ठोसेघरला आणि एक म्हसवडला, असा मामला.

"नवरा-बायकोचं एकमत होत नसेल," आमची ही म्हणाली. "आपणही दोन बांधू या की."

मी विषय बदलण्यासाठी विचारलं, "पण एवढ्या काचा लावून ही माणसं उन्हाळ्यात काय करायची?"

"उन्हाळ्यात नसायचीच, मामा. ते विंटर हाऊस होतं. पिट्सबर्गची थंडी टाळायला यायची."

म्हणजे वाळवंटातलं जगातलं सर्वांत देखणं घर वाळवंटात न राहणाऱ्यांनी बांधलं होतं. हे ऐकून मला परकं वाटण्याऐवजी एकदम गावाकडचं वाटलं. ही कल्पना आमच्याकडे केव्हाच पोचलेली आहे.

विटा, खानापूर, आटपाडी आणि आमच्या माण-खटावातली हजारो माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. केरळ, तमिळनाडू, दिल्ली, कोलकाता, जिथं सराफ पेठ असेल तिथं सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारा एखादा माणदेशी माणूस सापडतोच. दुष्काळाने त्यांना बाहेर काढलं आणि मुशीसमोर बसून त्यांनी नशीब काढलं. उन्हात तापलेल्या माणसाला भट्टीचं काय कौतुक! तिकडे ही माणसं दुकानामागच्या खोलीत दाटीवाटीने राहतात आणि इकडे गावात, जिथं ती राहत नाहीत तिथं, टोलेजंग बंगला बांधतात. बंगल्याला कुलूप, सोफ्याला प्लॅस्टिक, झुंबराला जुनी चादर. म्हातारे आई-वडील मागच्या पत्र्याच्या खोलीत राहतात, कारण बंगल्यात राहिलं तर बंगला मळतो. यात्रेला चार दिवस तो उघडतात, झाडतात, पाव्हण्यांना हिंडून दाखवतात आणि जेवायला पुन्हा मागच्या खोलीत येतात. पुढं बंगला, मागं घर. पुढून पाहिलं तर दुबई, मागून पाहिलं तर दहिवडी, कारण मागच्या बाजूला गिलावा करायची पद्धत नाही. मागच्या बाजूने एस.टी. जात नाही ना!

एलिव्हेशन हा आमच्याकडचा पाचवा वेद आहे. खोल्या किती, हवा कुठून येते, न्हाणी कुठं, हे नंतर. पहिला प्रश्न, "रस्त्यावरनं दिसतंय का?" मी एस.टी.तला माणूस. मला माहीत आहे, खिडकीतल्या प्रवाशाला एक बंगला फार तर पाच-सहा सेकंद मिळतो आणि त्यातही तो बहुतेक वेळा झोपलेला असतो. त्याची झोपमोड व्हावी म्हणून माणूस जन्माची कमाई दर्शनी भिंतीला चिकटवतो. आमच्या समोरच्याने गेटवर दोन सिंह बसवले, तर त्याच्या भावकीने तिसऱ्या मजल्यावर गरुड बसवला. राहतं कुणीच नाही. सिंह आणि गरुड आहेत, चाललंय.

अशा वस्तीत माझ्या भाच्याचं "मिनिमल" घर. गावात थ्रीडी फिरल्यावर एका जाणत्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पैशे कमी पडले का, कंट्रोलर?"

प्लॅनवर मग महायुद्ध झालं. प्लॅनमध्ये लिव्हिंग होतं, डायनिंग होतं, फॅमिली होतं, जिन्याखाली एक पावडर रूम होती. पडवी नव्हती.

"पापड-कुरडया कुठं वाळत घालायच्या?" ही.

"मामी, युटिलिटी दिलीय की."

"आणि दारात आलेल्या माणसानं कुठं बसायचं?"

"फोयरमध्ये."

"तिथं तंबाखू थुंकता येती का?" तात्याने विचारलं. प्रश्न व्यावहारिक होता, पण भाच्याने पाणी मागितलं.

मी एका कोपऱ्यावर बोट ठेवून म्हटलं, ही दोन खण जागा मोकळी का? तर म्हणाला, "मामा, स्पेसने श्वास घेतला पाहिजे." मी दम्याचा माणूस. घरात कुणीतरी नीट श्वास घेणार हे ऐकून मी सही केली.

त्यानंतर वास्तुतज्ज्ञ आले. हे बायकोच्या माहेरकडून आले, त्यामुळे विरुद्ध बोलायची सोय नव्हती. त्यांनी होकायंत्र ठेवलं, डोळे मिटले आणि सांगितलं, "ईशान्येला पाणी पाहिजे."

तात्या म्हणाला, "कुठल्याबी दिशेला असू दे म्हाराज, असलं म्हंजी झालं."

मग पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून हा गृहस्थ अख्ख्या रानातून अनवाणी चालला. जिथं पाणी तिथं नारळ उभा राहतो. आमचा नारळ उभा राहिला तो बरोबर भावकीच्या बांधावर. एक पाऊल इकडे घेतलं की आडवा, एक पाऊल तिकडे घेतलं की ताठ. नारळालासुद्धा आमच्या सात-बाऱ्याची पूर्ण माहिती होती. शेवटी पाणाड्याला चहा पाजला, नारळाची समजूत काढली आणि तो बांधापासून थोडा आमच्या बाजूला उभा राहायला तयार झाला. रात्री बोअरची गाडी आली. सगळा गाव सतरंज्या घेऊन जमला. आमच्याकडे बोअर हा तमाशाइतकाच रात्रीचा कार्यक्रम आहे, फरक एवढाच की इथं पैसे एकट्याचे जातात. आधी मुरूम निघाला, मग काळा पाषाण, मग तोच काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले. त्यात कुठं भेग-फट सापडली तर पाणी, नाही तर भुगा. आमच्या बोअरमधून पहाटेपर्यंत अत्यंत उंची, पांढराशुभ्र भुगा उडत राहिला. सकाळी आम्ही सगळे एकमेकांना ओळखू येईनासे झालो होतो. प्लॅनमधली पावडर रूम एवढी तरी प्रत्यक्षात आली.

पूल त्याच सकाळी रद्द झाला. तात्याने मात्र त्यातून मार्ग काढायचा प्रामाणिक प्रयत्न केला. सरकारने 2016 मध्ये "मागेल त्याला शेततळे" ही योजना काढली होती. "शेततळं म्हणून दाखव," तो म्हणाला. "खाली कागद टाकायचा, कुंपण करायचं. ती बाईबी ऱ्हाऊ दे. लाभार्थी म्हणून लावू."

मध्यंतरी भाच्याला साक्षात्कार झाला. कुठल्याशा कार्यशाळेला जाऊन आला आणि काच, काँक्रीट, सिमेंट यांचं नाव काढेना. आता माती! इजिप्तच्या हसन फतहींनी 1940 च्या दशकात लक्झरजवळ कच्च्या विटांचं, घुमटांचं एक अख्खं गाव उभं केलं, तिथली घरं विजेशिवाय गार राहायची, वगैरे. मी भारावून ऐकत होतो. मग सहज विचारलं, "लोक खूश असतील?"

"लोक राहायला गेलेच नाहीत फारसे," भाचा जरा खाली बघत म्हणाला.

मला त्या इजिप्तच्या लोकांबद्दल आपुलकी वाटली. त्यांनाही एलिव्हेशन पाहिजे असणार.

इराणमधल्या याझ्द शहरात घरांवर वारा पकडून खाली आणणारे उंच मनोरे असतात, तसा एक आपल्या घरावर घेऊ, असंही तो म्हणाला. तात्या बिडी विझवून पुढे सरसावला. "वारा पकडायचा? आरं, साताऱ्याजवळ चाळकेवाडीला, तिकडं ढालगावला, डोंगरावर पवनचक्क्या लावल्यात, त्या पंख्यांनीबी तो संपत न्हाई. पकडायचा सोड, हा वारा घराभायेर कसा काढायचा ते शिकून ये."

मातीच्या घराचा अंदाज आला तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. मातीचं घर सिमेंटच्या घराच्या दीडपट महाग होतं. माती आमचीच. फक्त तिच्यात काय काय मिसळायचं हे सांगणारे तज्ज्ञ बाहेरून येणार होते. ज्या गवंड्याने सगळी हयात लोकांची मातीची घरं पाडून सिमेंटची बांधण्यात घालवली, तो टोपी काढून म्हणाला, "साहेब, आमच्या म्हाताऱ्याला हे सगळं येत हुतं. पर ते फुकट करायचं. म्हणून कुणी इचारलं न्हाई."

आणि खरंच, तात्याचं घर समोर उभंच होतं. दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर बाभळीच्या तुळया, त्यांवर फाट्या, पाला आणि हातभर मातीचा थर. दुपारचं ऊन त्या थरातून उतरेपर्यंत रात्र होते आणि तोवर माणसं अंगणात झोपायला गेलेली असतात. खिडक्या म्हणाल तर जवळजवळ नाहीत, उजेडाला वर एक भोक. भाचा त्या घरात शिरला आणि "पॅसिव्ह कूलिंग!" असं ओरडला. आत तात्याची सून घाबरून उठली. तिला वाटलं विंचू निघाला. निघायचेही. माळवदात विंचू असतात, पाऊस पडलाच तर गळतं, पांढऱ्या मातीचा हात दर वर्षी द्यावा लागतो. शिवाय 1967 चा कोयनेचा आणि 1993 चा किल्लारीचा भूकंप ज्यांनी ऐकला-पाहिला, ते दगडमातीच्या आढ्याखाली निर्धास्त झोपत नाहीत. म्हणून मी म्हटलं, माती नको. भाचा म्हणाला, निदान दगड. ही म्हणाली, निदान पडवी. गावाचं म्हणणं होतं, निदान दोन सिंह. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त एकटा मास्तर अख्ख्या वाडीला कामाला लावून तालीम बांधून घेतो. त्याला जमलं, कारण त्याच्याकडे थ्रीडी नव्हतं.

शेवटी काच आणि काँक्रीटच ठरलं. स्लॅब पडला तो ऐन मे महिन्यात, कारण मजूर तेव्हाच मिळाले.

स्लॅबचा दिवस चांगला जातो. मिक्सर घरघरतो, घमेली चढतात, संध्याकाळी मटण होतं. कसोटी दुसऱ्या दिवशी सुरू होते. काँक्रीटला पाणी लागतं. ते नुसतं वाळून चालत नाही, ओलं राहून मुरावं लागतं, आणि कोरड्या उन्हात तर निदान दहा दिवस. स्लॅबवर मसाल्याचे बारीक बांध घालून आळी करतात आणि ती भरून ठेवतात. विकतचा टँकर आला, पाइप वर गेला, आळी भरली, आणि पंचक्रोशीतला सगळ्यात मोठा पाणीसाठा माझ्या स्लॅबवर तयार झाला. ही बातमी माणसांना कळायच्या आधी पाखरांना कळली. चिमण्या, कावळे, साळुंक्या, मधमाश्या. कधी न दिसणारा एक बगळा कुठून तरी येऊन काँक्रीटवर एका पायावर उभा राहिला आणि मासा कधी येईल याची वाट बघू लागला. तिसऱ्या दिवशी तात्याच्या शेळ्यांना जिना सापडला.

मी काठी घेऊन वर धावलो. शेळ्या शिस्तीत रांगेने, एकेका आळ्याला एक, अशा पाणी पीत होत्या. खाली गावच्या टँकरला नंबर लावून बसलेल्या बायका घागरी मांडीला लावून माझ्याकडे बघत होत्या. मी शेळ्यांवर काठी उगारावी, तर त्या बायकांचं मत काय होईल? न उगारावी, तर स्लॅबचं काय होईल? मी काठी टेकवून, जणू शेळ्यांना पाणी पाजण्यासाठीच हा स्लॅब टाकला आहे, अशा चेहऱ्याने उभा राहिलो.

खालून तात्या ओरडला, "हाकलू नगंस! ते सिमिट पाणी पिऊन दगूड हुणार. शेरडं दूध तरी देतील!"

भाच्याचा पुण्याहून फोन आला, "मामा, क्युरिंग कसं चाललंय?"

"जोरात. दोन गाभण आहेत."

पुढे काचा आल्या. दिवाणखान्याची अख्खी पश्चिम भिंत काचेची, का, तर सूर्यास्त दिसावा. सूर्यास्त दिसतो, नाही असं नाही, पण त्याच्याआधी चार तास सूर्य दिसतो. दुपारी तीननंतर त्या खोलीत बसणं म्हणजे आगटीत बसून आपला हुरडा व्हायची वाट बघणं. आणि त्या काचेत तात्याच्या बोकडाला रोज एक दुसरा बोकड दिसायचा. तसाच काळा, तसाच आडदांड आणि तितकाच रोखून बघणारा. आमच्या बोकडाला ते खपेना. एरवी गावात भावकीची भांडणं ज्या कारणाने होतात त्याच कारणाने हे सुरू झालं. समोरचा आपल्याच शिंगाएवढी शिंगं घेऊन उभा. काच मजबूत निघाली, म्हणजे पहिल्या आठवड्यात निघाली. नंतरच्या काचेवर हिने डाळिंबाच्या बागेत लावतात ती हिरवी शेडनेट ताणून बांधली. बोकड शांत झाला, खोली सोसण्याइतकी गार झाली आणि भाच्याला ते कुणी सांगायचं यावर घरात चिठ्ठ्या टाकल्या गेल्या.

कंपाउंडची गोष्ट थोडक्यात. गावातल्या रिवाजाप्रमाणे मी पुरुषभर उंचीचं घालायला निघालो होतो. तेव्हा तात्यानेच आठवण दिली की, शेजारच्या आटपाडीजवळ, औंध संस्थानाच्या काळापासून, स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे. तिथं जन्मठेपेचे कैदी भिंतीवाचून राहतात, शेती करतात. 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा त्यावरूनच सुचला. "खुनी मानसं भित्ताडाबिगर ऱ्हात्यात," तो म्हणाला, "आन तू एस.टी.चा पेन्शनर. तुझं कोण काय नेणार? ती मोकळी जागा?"

वास्तुशांत झाली. पाहुण्यांनी बूट-चपला काढून घर पाहिलं, फरशीला हात लावून भाव विचारला, बाथरूममधले नळ उघडून पाहिले (कोरडे होते) आणि "हवा चांगली खेळती हां" म्हणून सगळे तात्याच्या अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसले. पंगतीही तिथंच उठल्या. भटजींनीसुद्धा होम आटोपल्यावर दक्षिणा लिंबाखालीच आणून द्यायला सांगितली. रात्री स्लॅब दिवसभराचं ऊन परत करायला लागतो. सरकारी देणी सोडली तर इतकी प्रामाणिक परतफेड मी दुसरी पाहिलेली नाही. मग आम्ही बाजा काढून अंगणात टाकतो. समोर कुलूपबंद बंगल्यांच्या रांगेत सिंह बसलेले असतात, त्यांच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांबाहेर म्हातारी माणसं बाजेवर असतात आणि सगळ्यांच्या बाजांवरून एकच गप्पांचा विषय जातो. या दिवाळीला कुणाचा पोरगा येणार आणि वर आणखी एक मजला चढवणार.

गेल्या महिन्यात भाचा एका छायाचित्रकाराला घेऊन आला. कुठल्याशा स्पर्धेला फोटो पाठवायचे होते. छायाचित्रकार अंगाने बारीक, पण डोळ्याने कडक. त्याने आधी शेडनेट काढायला लावली. मग दोरीवरचं धोतर, दारातली पिंपं, स्कूटर, तुळशीचं वृंदावन ("जरा डावीकडे सरकतं का?"), भिंतीला टेकवलेली बाज, आणि शेवटी मला. मी हललो. तात्याला हलवण्याचा प्रयत्न झाला, पण तो त्याच्या स्वतःच्या हद्दीत बसला होता आणि सात-बारा घरातच होता. सकाळचं कोवळं ऊन होतं, डोंगर स्वच्छ दिसत होते, बोकड बांधून घातला होता. छायाचित्रकाराने कॅमेऱ्यातून पाहिलं, मान हलवली आणि भाच्याच्या कानात काहीतरी सांगितलं. भाचा अवघडून पुढे आला. वर स्लॅबवर, जिथं एका दुपारात काहीही कडकडीत वाळतं, तिथं ही जुनी लुगडी अंथरून पहाटेपासून वाकून काहीतरी मांडत होती.

"मामी, ते वरचं पांढरं पांढरं जरा काढता का? फ्रेममध्ये येतंय."

"येऊ दे की," तिने साचा न थांबवता सांगितलं. "गव्हाच्या आहेत."